तपास लावणारी पोर

नव्वदच्या दशकात आम्ही सुरतेत, उधन्याला राहायचो. दुपारी चार-पाच बायका ओट्यावर बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायचो आणि शेजारची पोर आम्हाला वाचनालयातून आणलेली कादंबरी वाचून दाखवायची. मी शाळा पाहिलेली नाही, दुकानांच्या पाट्या बघत बघत अक्षरं शिकले, त्यामुळे ऐकायची भूक फार. तिला आवडायच्या त्या जुन्या काळातल्या, रहस्याच्या. गडावर खून होतो, शहाणीसुरती माणसं भलत्यालाच धरतात, आणि सोळा-सतरा वर्षांची एखादी पोर चुलीतली राख नाहीतर घोड्याच्या नालेचा ठसा बघून खरा चोर पकडून देते.

"असलीला सून कोण करून घेईल गं?" एकजण म्हणायची. "सासूच्या पेट्या उचकेल!"

"उचकू दे की. सासू काय काय लपवते ते तरी कळेल," मी म्हणायचे, आणि सगळ्या हसायच्या.

ती बारावीला असताना माघात तिला बघायला पाहुणे आले. मुलगा चलथाणकडचा, साखर कारखान्यात कायम नोकरी, असं सांगितलेलं. मी चहाला मदत करायला गेले होते. पोरगी मान खाली घालून बसलेली, पण डोळे कुठले गप्प बसतात! तिची मावशी तिकडचीच. उसाचं गाळप सुरू झालं की तिकडच्या माणसांना धड जेवायलाही फुरसत नसते, आणि मळीचा वास कपड्यांतून जात नाही, हे तिला माहीत. हा तर भर हंगामात, कामाच्या वारी, निवांत पाय पसरून बसलेला. वर म्हणतो, मुक्काम केला तरी चालेल.

तिनं हळूच विचारलं, "गाळप चालू असेल ना? सुटी कशी मिळाली?"

मुलगा आईकडे बघायला लागला. आईनं बशी खाली ठेवली. "मुलगी फारच चौकस आहे हो."

पाहुणे गेल्यावर पोर म्हणाली, "पप्पा, तो कामावर नाही. एकदा चौकशी तर करा."

"कादंबऱ्या वाचून डोकं फिरलंय हिचं! ते हो म्हणाले हेच नशीब समज."

मी म्हटलं, "भाऊ, चलथाण काय लांब आहे? जाऊन या ना."

"ताई, तुम्ही यात पडू नका."

तिचं वाचनालय बंद झालं. वैशाखात लग्न लागलं.

पावसाळा सरताना खरं ते बाहेर आलं. मुलाची नोकरी लग्नाच्या कितीतरी आधीच गेलेली, आणि आता पोर दुसऱ्यांच्या शेतात निंदणीला जात होती. वडील म्हणाले, "नशीब तिचं." पोरीनं आधीच सांगितलं होतं, हे घरातलं कुणी उच्चारलंसुद्धा नाही.

दिवाळीला ती माहेरी आली, आमच्यात येऊन टिकल्या लावायला बसली. बोटं फाटलेली, गोंद लागला की चुरचुरायची. मी म्हटलं, "तू बरोबर ओळखलं होतंस गं."

तिनं मान वर केली नाही. "ओळखून काय होतं, मावशी? पुस्तकात त्या पोरीचं ऐकणारं कुणीतरी ठेवलेलं असतं."

मी ऐकलं होतं की तिचं. पण माझं कोण ऐकत होतं?