औषधांच्या रकान्यातलं ‘वरीलप्रमाणे’

डोंबिवलीतल्या आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात प्रत्येक कुटुंबाची नोंद जाडजूड वहीत असायची. ते सगळं कॉम्प्युटरवर आणायचं काम आमच्या ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या सॉफ्टवेअर ऑफिसला मिळालं, आणि ते मिळवून दिलं मीच. हौस, दुसरं काय!

तसं सोपं होतं. कुटुंबात माणसांची यादी, आणि प्रत्येक माणसाच्या आत, त्याला न चालणाऱ्या औषधांची आणखी एक यादी. जावाला, म्हणजे आमच्या प्रोग्रामच्या भाषेला, बाहेरची यादी तपास म्हटलं की ती बाहेरचीच तपासते. आत शिरायचं वेगळं सांगावं लागतं. नवशिके तिथेच आपटतात. मी नाही आपटले. आतला एकही रकाना रिकामा राहू नये असा नियम घातला आणि ऑफिसात जरा मिरवूनही घेतलं.

माहिती भरत होत्या दवाखान्यातल्या जुन्या रिसेप्शनिस्ट काकू. वहीत जे असेल ते जसंच्या तसं टाइप करायचं, ही त्यांची शिस्त. सोमवारपासून डॉक्टर वही बंद करून फक्त स्क्रीन बघणार होते. शुक्रवारी दुपारी मी सहज आमच्या घराची नोंद उघडली. आईच्या नावापुढे, न चालणाऱ्या औषधांच्या रकान्यात, लिहिलेलं: ‘वरीलप्रमाणे’.

आईला सल्फाची गोळी चालत नाही. माझ्या लहानपणी एकदा तिचं तोंड इतकं सुजलेलं की डोळे दिसेनात. बाबांनी तिला रिक्षात घालून नेलेलं. बाबांनाही सल्फा चालत नसे, म्हणून वहीत त्यांच्या ओळीखाली, तिच्यापुढे, वरीलप्रमाणे. आपल्याकडे आहेराच्या यादीपासून सोसायटीच्या रजिस्टरपर्यंत हे चालतंच. पण बाबा आता नाहीत, आणि गेलेल्या माणसांच्या ओळी भरायच्या नाहीत असं ठरलेलं. स्क्रीनवर नावं अकारविल्हे लागलेली, त्यामुळे आईच्या वर मी होते, आणि माझ्यापुढे ‘काही नाही’.

तडक दवाखान्यात फोन लावला आणि काकूंना नको नको ते बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“अगं, वहीत आहे तेच भरलं मी. आणि रकाना रिकामा सोडला तर तुझा कॉम्प्युटर पुढे जाऊ देत नाही.”

खरंच होतं ते. माझ्या नियमाला रिकामं चालत नव्हतं, निरर्थक चालत होतं. मला माझीच लाज वाटली आणि मी त्यांची माफी मागितली.

मग नवा नियम लिहायला बसले. प्रत्येक कुटुंब, त्यातला प्रत्येक माणूस, त्याच्या यादीतली प्रत्येक ओळ. तिथे औषधाचं खरं नाव हवं, नाहीतर ‘काही नाही’. ‘वरीलप्रमाणे’ बाद, टिंबं बाद, रेघा बाद. पहिल्यांदा चालवला तर ‘कुटुंब चुकीचं आहे’ एवढंच बोलून मोकळा. अरे बाबा, सगळं खानदानच चुकीचं? कोणाची, कितवी ओळ, ते सांग ना! त्याला नेमकी चुकलेली ओळ लाल करून दाखवायला शिकवेपर्यंत संध्याकाळ झाली.

शनिवारी मी आणि काकू दवाखान्यात वह्या मांडून बसलो. वही बघून त्या औषधाचं नाव सांगायच्या, मी भरायचे. दिवेलागणीला शेवटची लाल ओळ गेली आणि माझा जीव भांड्यात पडला. काकूंनी चहा मागवला, वर मला म्हणाल्या, आता तरी जेव काहीतरी.

पुढच्याच आठवड्यात आईला ताप आला, लघवीला जळजळ. मी ऑफिसात, ती एकटीच जाऊन आली. घरी आले तर बाईसाहेब डॉक्टरांवर चिडलेल्या.

“मला विचारलं, कुठली गोळी चालत नाही? म्हटलं, मला सगळं चालतं, तेव्हा तोंड सुजलं ते काहीतरी चावून, सल्फाचं आमच्या ह्यांना होतं. तर स्क्रीन बघून म्हणतात, तुम्हालाही आहे, आणि लिहिलेली गोळी खोडली. कोणी काहीतरी भलतंच भरलंय गं त्यात.”

म्हटलं, भलतं नाही आई, तुझं सुजलेलं तोंड मी पाहिलंय. तिच्या पिशवीतली पाकिटं काढून एकेक वाचलं. सल्फा कुठेच नव्हतं. ती पाकिटं मांडीवर तशीच ठेवून मी रडायला लागले.

आईने माझ्याकडे बघितलं.

“ताप मला आलाय आणि रडतेयस तू?”