पिवळी जीभ
नातवंडांनो, हळदीच्या दुधाचा वास आला की मला अमेरिकेतल्या सनीव्हेलमधली ती सकाळ आठवते. चिप कंपनीतली नोकरी गेल्यावर तुमची आई, म्हणजे माझी सून, चिनी वैद्यक शिकत होती. तिच्या शेवटच्या प्रॅक्टिकलला पेशंट म्हणून मी बसले होते. नापास झाली असती तर वर्ष गेलं असतं. माझी पिवळी जीभ पाहून आधीच्या विद्यार्थ्याने ‘अंगात उष्णता’ असं लिहून टाकलं होतं. तुमच्या आईने मात्र तीन बोटांनी माझी नाडी बराच वेळ पाहिली, ती शांत लागली, उष्णतेत असते तशी जलद नव्हे, तेव्हा तिने विचारलं, “आई, सकाळी काय घेतलंत?” “अगं, खोकल्यासाठी हळदीचं दूध!” मी ओशाळले, पण परीक्षक चिनी बाई हसल्या आणि त्यांनी तिला पास केलं. आता इथला डॉक्टर मान वर न करता औषध लिहू लागला, की मी म्हणते, “आधी मला विचारा तर!”