भोंग्याचा पायगुण

कवळीवाल्यांची आणि भोंग्याची ओळख एका कवळीने करून दिली, यात नवल नाही. कवळीवाल्यांच्या आयुष्यात जे काही घडलं ते, लग्नासकट, कवळीमुळेच घडलं. सासरे हे त्यांचं तिसरं गिऱ्हाईक. वरचे दात नीट बसल्याच्या आनंदात त्यांनी मुलगी देऊन टाकली, असं बायको अजूनही चारचौघांत सांगते.

तर घरच्या मैदानावर फुटबॉलचा सामना चालला होता. शेवटच्या मिनिटाला आपल्या संघाने गोल केला आणि कवळीवाल्यांच्या पाठीमागे कोणीतरी ओरडलं. 'ओरडलं' हा शब्द इथे फारच थिटा पडतो. स्टँडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली ती परत आलीच नाहीत. त्यातली काही शेजारच्या शहरात स्थायिक झाल्याचं ऐकिवात आहे. रेफरीने आपली शिट्टी हलवून पाहिली. ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरने कुणी न सांगता गाडी सुरू केली. आणि ओरडणाऱ्याच्या शेजारी बसलेल्या एका आजोबांचं तोंड दचकून जे उघडलं, त्यातून वरची कवळी निसटून थेट कवळीवाल्यांच्या मांडीवर येऊन पडली.

कवळीवाल्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "ही आपलीच. सहा वर्षं झाली असतील. डाव्या दाढेशी जरा घासायला हवी."

मागून एक प्रचंड तोंड त्यांच्या खांद्यावर आलं. "तुम्ही बनवता? मग मी जोरात ओरडत जातो. शेठ, तुमचा धंदा वाढेल!"

त्या दिवसापासून कवळीवाले त्याचे 'शेठ' झाले आणि तो साऱ्या स्टँडचा 'भोंगा' झाला.

आता देवाची करणी बघा. असा गळा दिलेल्या माणसाला नोकरी मिळाली होती ऐकण्याची. पाणीपुरवठा खात्यात जमिनीखालची गळती शोधायची. लोखंडी सळईचं एक टोक रस्त्याला टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि श्वास रोखून उभं राहायचं. खालच्या पाइपातून पाणी कुठे फुसफुसतंय ते भोंग्याला हातभराच्या आत अचूक सांगता यायचं. साहेबलोक यंत्र घेऊन यायचे, चार ठिकाणी खणायचे आणि शेवटी भोंग्याने पायाने रेघ मारलेली असायची तिथेच पाणी लागायचं. दिवसभर असं तोंड मिटून काढल्यावर आठवड्याचा साठलेला आवाज तो मैदानावर रिकामा करायचा. लग्न केलेलं नव्हतं. मोठ्या बहिणीकडे राहायचा. "ताई म्हणते, घरात हळू बोल. खात्यात बोलायचंच नाही. मग शेठ, मी बोलू कुठे?"

दोघांचं गूळपीठ जमलं ते परगावच्या सामन्यांमुळे. घरचा सामना म्हणजे घरचं जेवण, त्यात खाणाऱ्याची काही कर्तबगारी नसते. खरा भक्त परराज्यात कळतो. कवळीवाल्यांच्या मेहुण्याची आठ माणसांची व्हॅन होती. मेहुण्याला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण व्हॅन चालवायला कारण मिळालं की तो खूश. पहाटे चारला निघायचं, केळी आणि उकडलेली अंडी खात सात तास जायचं. राज्याच्या हद्दीवरच्या नाक्यावरचा शिपाई आत डोकावून विचारायचा, "कुठे?"

"मॅच बघायला."

"जिंकता का?"

"नाही."

मग तो दया येऊन काहीही न तपासता सोडून द्यायचा.

पहिल्याच फेरीला आपला संघ एका गोलने पुढे होता. भोंगा चहा आणायला गेला होता. तो परत येऊन बसला आणि पाच मिनिटांत दोन गोल अंगावर आले. दुसऱ्या वेळी व्हॅनचा पंक्चर टायर बदलण्यात त्याला उशीर झाला. तो येईपर्यंत बरोबरी होती, आल्यावर हरले. तिसऱ्या वेळी तो वेळेवर आला आणि संघ सुरुवातीपासूनच हरला.

परतीच्या वाटेवर व्हॅनमध्ये सुतकी शांतता होती. अशी शांतता कवळीवाल्यांना सोसत नसे. गप्प बसलेल्या माणसाला हसवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. ते उठून उभे राहिले, डोकं टपाला आपटलं, पुन्हा बसले.

"ठराव क्रमांक एक," ते म्हणाले. "भोंगा हा पांढऱ्या पायाचा प्राणी असून परगावच्या मैदानात त्याला प्रवेशबंदी करण्यात येत आहे. सूचक मी. अनुमोदन?"

"माझं," मागच्या सीटवरून पोस्टातले काका म्हणाले. हे काका वीस वर्षं एकाच खिडकीमागे तिकिटं विकत आले होते आणि कशालाही अनुमोदन द्यायचे.

"माझंही!" भोंगा म्हणाला आणि असा हसला की मेहुण्याच्या समोरचा आरसा फिरला. सगळेच हसले. नाका आला तेव्हा शिपायाला वाटलं, आज जिंकून आले.

पुढच्या सामन्याला फाटकाशी रांग लागली, तशी भोंग्याने आपलं तिकीट खिशात ठेवलं आणि तो रांगेतून बाजूला झाला.

"अरे, चल की!"

"नको. ठराव झालाय."

"भोंग्या, गंमत होती ती. वेडा आहेस का?"

"गंमत होती हे मला कळतं, शेठ. पण समजा मी आत आलो आणि आपण हरलो, तर? तुम्ही बोलणार नाही, पण बघाल माझ्याकडे."

मागून लोक ढकलत होते, आत खेळाडू मैदानात येत होते. कवळीवाले म्हणाले, "बरं, पहिला हाफ थांब, मग ये." आणि आत गेले. संघ दोन-शून्यने जिंकला. परगावी, अकरा महिन्यांनी. पहिल्या हाफनंतर भोंग्याला बोलवायला कोणीही गेलं नाही.

संघ हरला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण जिंकला. आणि एकदा जिंकल्यावर ठरावाला मरण नसतं. संघ जिंकला की तो भोंगा बाहेर होता म्हणून जिंकला, हरला की गोलकीपरला हात नाहीत म्हणून हरला. या हिशोबात भोंग्याला आत आणायची वेळ कधी येतच नाही. नऊ वर्षं आली नाही. नऊ वर्षं तो दर परगावच्या सामन्याला पहाटे चारला व्हॅनमध्ये बसला, तिकीट काढून सात तास आला, पाहुण्यांच्या स्टँडमागच्या भिंतीशी उभा राहिला आणि सात तास परत गेला. ज्या गळ्याने कबुतरं उडाली, त्या गळ्याची जिथे गरज होती तिथे तो भिंतीबाहेर होता. आत पंचवीस-तीस पाहुणे चिरक्या आवाजात ओरडायचे आणि वीस हजार यजमान त्यांना सहज गिळून टाकायचे.

"बाहेर करतोस काय रे दोन तास?" एकदा कवळीवाल्यांनी विचारलं.

"ऐकतो. अहो, सोपं आहे. त्यांचा गोल झाला तर मैदान फुटतं. थोडक्यात चुकला तर आधी 'ओ' आणि मग टाळ्या. रेफरीने त्यांच्याविरुद्ध दिलं की शिट्ट्या."

"आणि आपला गोल?"

भोंग्याचा चेहरा उजळला. "आपला गोल झाला की आवाजच येत नाही. एकदम सगळं बंद. वीस हजार माणसं गप्प! त्यासारखं सुंदर काही नाही, शेठ. मग लांबून तुमचं किचकिच ऐकू येतं."

परतताना तो व्हॅनमध्ये सगळा सामना सांगायचा. कुठल्या मिनिटाला कॉर्नर, कधी पेनल्टीची आरडाओरड. आत बसून आलेल्यांना जे नीट आठवत नसे ते बाहेर उभं राहून आलेला सांगायचा. लोक टाळ्या वाजवायचे. कवळीवाल्यांनाही कौतुक वाटायचं, आणि कौतुकाआड त्यांनी दुसरी एक गोष्ट दडवून ठेवली होती. गमतीत केलेल्या ठरावावर आता त्यांचा विश्वास बसला होता. बायकोने एकदा विचारलंही, "अहो, त्या भल्या माणसाला आत का नेत नाही?"

"त्याला बाहेरच आवडतं."

"त्याला आवडतं की तुम्हाला परवडतं?"

कवळीवाले उठून कामाच्या खोलीत गेले. तिथे फळीवर प्लास्टरचे चाळीस-पन्नास जबडे मांडलेले होते. सगळे हसत होते.

नवव्या वर्षी भोंगा निवृत्त झाला. त्याच सीझनमध्ये एका सामन्याहून परतताना पोस्टातले काका भोंग्याचा खांदा हलवून म्हणाले, "हं, भोंगा, होऊ दे सुरू."

भोंग्याने घसा खाकरला. "दहाव्या मिनिटाला आपला पहिला. विसाव्याच्या आसपास दुसरा. हाफनंतर तर लागोपाठ..."

व्हॅनमध्ये हशा पिकला. सामना शून्य-एकने हरला होता. सगळ्यांना वाटलं, म्हातारा आज फिरकी घेतोय. भोंगाही मग हसला, पण सगळ्यांनंतर, सगळ्यांकडे बघून. कवळीवाले त्याच्या मागेच बसले होते. त्यांनी हळूच हाक मारली, "भोंग्या." मग जरा मोठ्याने, "भोंग्या!" तो खिडकीतून शेतं बघत राहिला.

कान गेले होते. त्याला आता सगळीकडे शांतताच ऐकू येत होती, म्हणजे त्याच्या हिशोबाने आपला संघ गोलांवर गोल करत होता.

तीन आठवड्यांनी सीझनचा शेवटचा सामना होता, परराज्यात. जिंकलं तर संघ वरच्या गटात जाणार होता. तीस वर्षांत तो गेला नव्हता. त्या तीन आठवड्यांत कवळीवाल्यांनी मनाशी पक्कं केलं की या वेळी भोंग्याला हाताला धरून आत न्यायचं. संघ हरला तर हरला. ऐकू येत नाही, पण दिसतंय तर. बायकोलाही त्यांनी सांगून टाकलं. तिने डब्यात दोन अंडी जास्त घातली.

फाटकाशी रांग लागली. आत ढोल वाजत होते. पोस्टातले काका नखं खात होते. कवळीवाल्यांनी शोधलं तर भोंगा रांगेतच, त्यांच्या मागे उभा. हातात तिकीट. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

"शेठ," तो म्हणाला. आपला आवाज किती मोठा आहे ते त्याला कळत नव्हतं, म्हणून अगदीच पुटपुटल्यासारखं बोलला. "आज आत येऊ का? हल्ली बाहेर काही कळत नाही."

एवढंच तर ऐकायचं होतं. कवळीवाल्यांना फक्त 'चल' म्हणायचं होतं. दोन अक्षरं. आयुष्यभर ज्या माणसाला कधी शब्द कमी पडला नाही, त्याला ती दोन अक्षरं सुचली नाहीत. त्यांच्या डोळ्यांसमोर वरचा गट आला, तीस वर्षं आली, त्या पहिल्या तीन सामन्यांतले सगळे गोल आले. त्यांनी भोंग्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला ऐकू जावं म्हणून मोठ्याने, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "आजचा एक दिवस राहू दे रे! पुढच्या सीझनला सगळे आतच बघू!"

"हो, हो," भोंगा लगबगीने म्हणाला. "बरोबर आहे. आज नको." आणि तिकीट खिशात घालून भिंतीकडे गेला.

संघ तीन-शून्यने हरला. तिन्ही गोल पहिल्या अर्ध्या तासात. उरलेला वेळ कवळीवाले मैदानाकडे न बघता मागच्या भिंतीकडे बघत बसले. भिंत पुरुषभर उंच होती आणि पलीकडचं काही दिसत नव्हतं. उठून जावं, त्याला आत घेऊन यावं, असं त्यांना चार वेळा वाटलं. आता हरण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पण आता नेणं म्हणजे उष्टं ताट पुढे करणं, असं वाटून ते चारही वेळा बसून राहिले.

बाहेर भोंगा दोन्ही तळवे भिंतीला टेकवून उभा होता. कवळीवाल्यांना पाहून त्याने हात काढले, चुना पुसला आणि भुवया उंचावून विचारलं, काय झालं?

कवळीवाल्यांनी तीन बोटं दाखवली आणि मान हलवली.

भोंग्यानेच मग कवळीवाल्यांची पाठ थोपटली. "बरं झालं शेठ, तुम्ही मला आत नेलं नाही," तो म्हणाला. "नाहीतर माझ्यावरच आलं असतं."

व्हॅनमध्ये त्या दिवशी कोणी कोणाला हसवलं नाही. नाक्यावरच्या शिपायाने काही विचारलं नाही. भोंगा झोपला होता, किंवा डोळे मिटून बसला होता. कवळीवाल्यांनी मनातल्या मनात पुढच्या सीझनच्या पहिल्या सामन्याची तिकिटं काढली, जागा ठरवल्या, अगदी पुढच्या रांगेत, जाळीला लागून.

उन्हाळ्यात मालकांनी संघ बंद केला.