नथूआबांचं जपानी झाड

बायको गेली, तिलाही हे कळलं नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय — आणि कुठून सुरुवात करावी, तेच सुचत नाही.

इंग्रजी अमलात मी धुळ्याला अबकारी खात्यात कारकून होतो. शेजारी नथूआबा राहायचे, एका साहेबाच्या बंगल्यावरचे जुने माळी. साहेब विलायतेला परतला तेव्हा कुंडीतला जपानी मेपल त्यांना देऊन गेला. धुळ्याच्या उन्हात तो जगावा कसा? पण आबांनी जगवला. ओल्या गोणपाटाचा आडोसा, दोन्ही वेळा पाणी. थंडीत पानं लालभडक व्हायची. मला हाक मारून दाखवायचे.

एका उन्हाळ्यात सामायिक विहीर आटत आली. बायको रिकामी घागर घेऊन परतली, आणि आबा झाडाला पाणी घालत होते. मी भांडायला गेलो. सगळ्या गल्लीसमोर ते मला लाचखाऊ म्हणाले. खोटं होतं का? नव्हतं. म्हणूनच झोंबलं.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या खात्याच्या जमादाराला सांगितलं — म्हातारा अंगणात गांजा लावतो.

पान हाताच्या पंजासारखं, कातरल्या कडांचं. लांबून कुणीही फसावं. जमादारानं आबांना मानगुटीला धरून बाहेर ओढलं.

"हाई गांजा नही शे! सायेबनं झाड शे!"

पहिल्याच काठीला ते कोसळले. मग जमादार थबकला. पान तोडून माझ्या हातात दिलं. "कारकून, नीट बघून सांगा."

मी बघितलं. गांजाच्या पानाची बोटं देठापर्यंत सुटी असतात. याची तळाशी जोडलेली होती. रोज गांजा हाताळणारा मी — मला कळलं नसेल?

"गांजाच," मी म्हणालो.

काठ्या पडत राहिल्या. आबांनी हात आडवा घातला आणि कोपर फुटल्याचा आवाज आला. जमादारानं कुंडी आपटली, खोड बुटाखाली चिरडलं. आणि मला — हेही सांगायलाच हवं — मला बरं वाटत होतं.

आबांना कचेरीत नेलं, तिथं खात्याच्या वरच्या साहेबानं पानं पाहिली, आबांना सोडलं. कारकुनाची नजरचूक, असं ठरलं.

मी भेटायला गेलो. त्यांचा हात कोपरात कायमचा वाकला होता. दुसऱ्या हातानं त्यांनी मला बसायला घोंगडी टाकली.

"पानटं सारखंच दखास, भाऊ. तुनी काय चूक?"

"हो आबा. फसलो मी."

पुढं बरीच वर्षं शेजारीच राहिलो. ते गेले तेव्हा मी खांदा दिला. लोक म्हणाले, शेजारी असावा तर असा. मी ऐकून घेतलं.