त्याला न विचारता लावलेला फ्लेक्स

मी पत्रकं लिहिणारी. कंत्राटी कामगारांची सभा असो की पाण्यासाठीचा मोर्चा, चार ओळींत माणूस पेटला पाहिजे, हे मी सतराव्या वर्षीच शिकले. त्या शिकण्यातून मी एका माणसाचं काय केलं, ते इथे लिहिते आहे. त्याचा निरोप आहे, "लिही, पण देशाचं नाव नको." म्हणून इथे कुणाचंच नाव नाही.

आकुर्डीत आमच्या विहाराच्या सभागृहात दर रविवारी सकाळी आम्ही बुद्धिबळाचे पट मांडायचो. आपल्या पट्ट्यात परदेशी माणूस म्हणजे चाकणच्या कंपनीत एसी गाडीतून उतरणारा साहेब, एवढंच सगळ्यांना ठाऊक. इथल्या कॉलेजांत आफ्रिकेतली, अरब देशांतली मुलं शिकतात. त्यांना खोली द्यायची वेळ आली की आपल्याला दहा अडचणी आठवतात, रिक्षात ती शेजारी बसली की आपण अंग चोरतो, आणि जयंतीला मात्र विश्वबंधुत्वावर भाषणं ठोकतो. लाज वाटत नाही? म्हणून मी कॉलेजांच्या गेटवर उभी राहून पत्रकं वाटली. या, आमच्याशी खेळा. दोन तास समोर बसलेला माणूस परका राहत नाही.

ते खोटं नव्हतं. एक जोडी तर अशी जमली की बाकीचे आपला डाव सोडून त्यांचा बघायचे. एक जण लातूरकडचा, भोसरीच्या वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीन चालवणारा. दुसरा आफ्रिकेतून आलेला, कॉम्प्युटर शिकणारा. ऑपरेटर पटापट खेळायचा. पाहुणा एकेका चालीला दाढी खाजवत बसायचा.

"अरे भावा, चल की! एवढ्यात मशीनवर माझे दोन जॉब निघाले असते."

"मशीन नहीं है भाई, घोडा है," तो हसून म्हणायचा, आणि त्याच घोड्याने याचा हत्ती मारायचा.

एका रविवारी सगळे गेल्यावर ऑपरेटर माझ्याजवळ थांबला. म्हणाला, "ताई, तुम्हाला म्हणून सांगतो. त्याला गावातून बंदूकवाल्यांनी उचलून नेलं होतं, लढायला. तो पळाला. आई आन् धाकटा भाऊ अजून तिथंच हायेत. तो मेला असं ते बंदूकवाले समजतात, म्हणून त्यांना कुणी छळत नाही."

मला रडू आलं. आणि डोळे पुसेपर्यंत माझ्या डोक्यात ओळ तयार झाली होती. हे मी लपवणार नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही मैत्री स्पर्धा ठेवली. स्पर्धा म्हटली की फ्लेक्स आलाच. आमच्याकडे फ्लेक्सवर फोटो टाकताना कुणी कुणाला विचारत नाही. वाढदिवस असो, निवड असो, आपण फोटो लावतो आणि माणूस खूश होणारच असं धरून चालतो. मीही धरलं. त्याचा हसरा फोटो मधोमध, माजी नगरसेवकांचा वर कोपऱ्यात, आणि खाली माझी ओळ: 'त्याने बंदूक नाकारली, पट स्वीकारला!'

स्पर्धेच्या सकाळी तो आला आणि फ्लेक्सखाली थांबला. त्याला मराठी वाचता येत नव्हतं. त्याने ऑपरेटरला जवळ बोलावलं. "क्या लिखा है?"

ऑपरेटरने आधी मनात वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. मग हिंदीत सांगितलं.

तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "मैंने तुझको बताया था. सिर्फ तुझको." आणि निघून गेला.

"कामून लिहिलं तुम्ही हे?" ऑपरेटर म्हणाला. तो खांबावर चढला, दोऱ्या कापल्या आणि फ्लेक्स खाली ओढला. पण तोच फ्लेक्स आदल्या दिवसापासून नगरसेवकांच्या पेजवर फिरत होता. मी धावत त्यांच्या ऑफिसात गेले.

"काढा तो फोटो. आत्ता."

"येडी का काय तू? शेअर बघ किती होतंय! बाहेरच्या देशातून पण होतंय, राव."

मी टेबलावर हात आपटून भांडले. संध्याकाळी त्यांनी फोटो काढला. तोवर तो कुठे कुठे पोचला, हे कुणाला ठाऊक?

पंधरा दिवसांत त्याच्या आईने धाकट्याला घेऊन घर सोडलं. सरहद्दीकडे निघाले, एवढंच आम्हाला कळलं. कुणी दारात आलं होतं की ती नुसत्या भीतीने निघाली, तेही माहीत नाही. युद्ध मी सुरू केलं नव्हतं. ज्यांनी केलं त्यांच्याविरुद्ध मी आजही ओरडेन. पण त्या बाईने घर सोडलं ते माझ्या ओळीमुळे.

तो विहारात पुन्हा आला नाही. ऑपरेटर दर रविवारी पट काखेत मारून त्याच्या खोलीवर जायचा. दोनदा दारातून परत आला. तिसऱ्यांदा दार उघडलं. तिथे मला बोलावणं नाही, आणि मी मागितलंही नाही.

परवा निगडीच्या बसस्टँडवर ऑपरेटर भेटला. 'लिही, पण देशाचं नाव नको' हा पाहुण्याचा निरोप त्यानेच दिला. मी विचारलं, "आई आणि भाऊ पोचले का रे?"



"ताई, ते मी तुम्हाला सांगणार नाही."

"बरोबर आहे," मी म्हटलं, आणि पुढे काही विचारलं नाही.