नळीतल्या दोन धारा

नगरच्या औद्योगिक वसाहतीत रंग तयार करणारा एक छोटा कारखाना होता. वर्तमानपत्रात जाण्यापूर्वी, नव्वदच्या दशकात, मी तिथे दोन वर्षं केमिस्ट होतो. राहायला केडगावला एक खोली घेतली होती. घर अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला. जाणं सणासुदीलाच होई. कारखान्यात माझी जागा मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. तिथे माझ्याशिवाय एकच माणूस नेमाने येई. बर्फ फोडणाऱ्या मावशी.

त्यांचं काम असं होतं. आमचा लाल रंग दोन टप्प्यांत तयार होई. पहिल्या टप्प्यात एक फिकट पिवळं द्रावण बनतं. ते थंडच ठेवावं लागतं, ऊब लागली की बिघडतं. दुसऱ्या टप्प्यात त्यात दुसरं द्रावण ओतलं की क्षणात लाल होतं. हे सगळं मोठ्या लाकडी पिंपात चाले. सकाळी सुरू केलेलं काम दुपारपर्यंत लांबे आणि तेवढा वेळ पिंपात बर्फ टाकत राहावं लागे. टेम्पोतून लाद्या येत. मावशी त्या पोत्यात गुंडाळून मोगरीने फोडत आणि घमेल्याने पिंपात टाकत. बर्फ असेल त्या दिवशी त्यांना बोलावणं, नसेल त्या दिवशी नाही. मावशी ख्रिस्ती; नवरा हयात नव्हता. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती.

मालकांनी मला वेगळं काम दिलं होतं. पिंपाऐवजी बारीक नळीत रंग तयार करायचा. एका टोकाने द्रावणं आत, दुसऱ्या टोकाने रंग बाहेर, मध्ये न थांबता. नळीत द्रावण अर्धा मिनिटच राहतं, त्यामुळे तापायला त्याला वेळच मिळत नाही. नळीचं वेटोळं एका पातेल्यात ठेवलं आणि भोवती थोडा बर्फ घातला की पुरे. हे जमलं तर लाद्या लागणार नव्हत्या. ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी काचेच्या तीन बाटल्या शिडीला टांगल्या आणि त्यांना सलाईनच्या नळ्या जोडल्या. चिमट्याचं चाक फिरवून धार कमी-जास्त करता येई. द्रावणं जिथे भेटायची त्या दोन जागी तीन तोंडांचे सांधे बसवले. पिंपावरचे कामगार येता-जाता दारातून डोकावत.

"काय, पेशंट कसा हाय?"

"आज तरी डिस्चार्ज द्या त्याला."

हसून ते निघून जात. आत कोणी येत नसे.

नळी बारीक आहे म्हणजे द्रावणं आपोआप मिसळतील, असं मी धरून चाललो होतो. ती माझी चूक होती. बारीक नळीत संथ धार खळबळत नाही. दुसऱ्या सांध्यानंतर दोन्ही द्रावणं एकमेकांना चिकटून, पण वेगवेगळी वाहत. मध्ये दोऱ्याएवढी लाल रेघ दिसे, बस्स. पुढच्या बरणीत पडल्यावर ती मिसळत. तोवर गारवा गेलेला असे, बरणीत फेस येई आणि रंग तपकिरी निघे. मी त्यात लोकरीची लडी बुडवून पिंपातल्या रंगाच्या लडीशेजारी धरायचो. फरक लांबूनही दिसे. नळी लांब करून पाहिली, आणखी बारीक करून पाहिली. उन्हाळा संपला. रेघ तशीच राहिली.

बर्फाच्या दिवशी मावशी दुपारचा डबा शेडच्या उंबऱ्यात बसून खात. सावली तिथेच पडायची.

"नळीवाले सायेब, जेवला का?"

"भूक नाही."

"कुनी इचारनारं न्हाई म्हून उपाशी ऱ्हाऊ नका. तुमची आई मला शिव्या घालंल." त्यांनी डब्याच्या झाकणात अर्धी भाकरी ठेवली आणि नळीकडे बघत बसल्या. "ह्या दोघी भांडल्यात का?"

"कोण दोघी?"

"ह्या धारा. एका वाटंनं निघाल्यात, पर एकमेकीशी बोलत न्हाईत."

"बोलल्या तर माझं काम झालं."

"आन् तुमचं झालं तर माझ्या बर्फाचं काय?"

"बर्फ थोडा लागेलच."

"थोडा म्हंजी किती?"

"ते अजून ठरलेलं नाही."

दोन्ही वाक्यं खरी होती. दोन्ही मी विचार करून बोललो होतो.

मावशींनी उरलेली भाकरी संपवली. मग म्हणाल्या, "माझं म्हायेर कोल्हारकडचं. शेताला पाटाचं पानी. पाट सरळ असला का पानी गप जातं. वरून गढूळ आलं तर गढूळ ह्या कडंनं, निवळ त्या कडंनं, लई लांबवर तसंच. मधी दगूड आला का घुसळतं." त्यांनी डबा बंद केला. "घाला की तुमच्या नळीत दगूड."

आणि स्वतःच हसल्या.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी कापडबाजारात जाऊन काचेचे बारीक मणी घेतले. दुकानदाराने विचारलं, "कुणासाठी?" मी म्हणालो, "नळीसाठी." त्याला ती थट्टा वाटली. त्या दिवसातलं माझं तेवढंच बोलणं.

दोन्ही सांध्यांपुढे वीतभर नळी मण्यांनी भरली. धार मंदावली, म्हणून बाटल्या शिडीवरून काढून छपराच्या लोखंडी पट्टीला टांगल्या. चाक सोडलं. मण्यांतून पलीकडे रेघ आली नाही. पूर्ण नळी लाल झाली. लडी काढून वाळवली. पिंपातल्या लडीशेजारी धरली तेव्हा कोणती कुठली हे ओळखायला मागे बांधलेली चिठ्ठी पाहावी लागली.

त्या दिवशी बर्फ नव्हता. शेडमध्ये कोणी आलं नाही. बाटल्या रिकाम्या होईपर्यंत मी नळीसमोर बसून राहिलो.

मालकांनी लेखी अहवाल मागितला. मी एक पान लिहिलं: अडचण काय होती, उपाय काय केला, रंगाची तुलना. शेवटचं वाक्य होतं, "बर्फाच्या लाद्यांची गरज उरत नाही." मण्यांची कल्पना कुणाची, हे लिहिलं नाही. मावशींना दुसरं काही काम देता येईल का, हेही मालकांना विचारलं नाही. विचारता आलं असतं.

दिवाळीनंतर शेडमध्ये एकाशेजारी एक अशी बरीच वेटोळी लागली. बर्फाचा टेम्पो बंद झाला. एका दुपारी मावशी आल्या, पण डबा नव्हता.

"मोगरी माझी हाय. ती न्यायला आले." मोगरी उचलून त्या नळ्यांकडे वळल्या. "बोलल्या का दोघी?"

"बोलल्या."

"बरं झालं."

"मावशी, ते तुमच्यामुळेच..."

"ऱ्हाऊ द्या. थोडा बर्फ लागंल म्हनला हुता."

"लागतो. बादलीभर."

"बादलीभर काय, तुमी फोडाल की."

आवाज नेहमीचाच होता. मोगरी पोत्यात गुंडाळून त्या गेल्या. आदल्या नाताळात त्यांनी मला करंज्यांचा डबा आणून दिला होता. या खेपेच्या नाताळात तो येणार नाही हे मला माहीत होतं, तरी दुपारी मी शेडचं दार उघडं ठेवलं.

पुढचं वर्षभर, बाजारातून आणलेला बादलीभर बर्फ रोज सकाळी मीच फोडत होतो. मोगरी नव्हती, म्हणून नळाच्या पान्याने फोडायचो. तुकडे मोठे पडत आणि वेटोळ्याभोवती नीट बसत नसत.