ऑरिनच्या हाताने काय केलं

"गाडी कुणी मुद्दाम आडवी घालत नाही. ती आपली आपण आडवी होते, आणि मग हॉस्पिटलात पडल्या पडल्या माणूस तिच्यावर गोष्ट रचतो." ऑरिन कांगासचं हे मत अमेरिकेतल्या नेगॉनी गावात लहानथोरांना पाठ होतं. ज्याला त्याने ते ऐकवलं नाही असा मोटरसायकलवाला गावात शिल्लकच नव्हता.

मोटरसायकलवाल्यांची खोड सगळीकडे सारखीच. पडले की सांगणार, "काय करणार, समोर हरीण आलं. मग मीच गाडी कुशीवर पाडून आडवी घातली, म्हणून वाचलो." असं कुणी सुरू केलं की ऑरिन कॉफीचा मग खाली ठेवायचा. "मला एक सांग, रस्त्याला रबर जास्त धरतं का पत्रा? टायरवर आहे तोवर गाडी थांबते. पत्र्यावर गेली की घसरते. ज्याला थांबायचंय तो मुद्दाम पत्र्यावर कशाला जाईल? तू घाबरलास, पुढचा ब्रेक मुठीत आवळलास, चाक अडकलं आणि आपटलास. पडलो म्हण ना! लाज कसली?" आधीच हाड मोडून बसलेल्या माणसाला ही उलटतपासणी गोड लागत नसे. ऑरिनच्या ते कधी ध्यानात आलं नाही, आणि आलं असतं तरी त्याने तोंड आवरलं असतं असं मला वाटत नाही.

एरवी माणूस साधा. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, बर्फ काढायच्या ट्रकवर ड्रायव्हर. सकाळी रस्त्यावरचं बर्फ ढकलून दोन्ही कडांना माणसापेक्षा उंच भिंती घालायच्या आणि दुपारी त्याच भिंतींमधून मोटरसायकल हाकायची, हा त्याचा हिवाळा. नोव्हेंबर लागला की शहाणी माणसं गाडीवर ताडपत्री टाकून मोकळी होतात. ऑरिन मात्र बर्फावर पकड मिळावी म्हणून टायरच्या रबरात बारीक स्क्रू पिळत बसायचा. हँडलवर बायकोने जुना कोट फाडून शिवलेल्या दोन जाड पिशव्या होत्या, त्यांत हात कोपरापर्यंत खुपसले की उणे वीसमध्येही बोटं जागी राहत.

कॉफीला त्याच्यासोबत दोघं असायचे. गॉर्डी ट्रेवॅरो खाणीतून निवृत्त झालेला. बाजारात नवं संरक्षक काही आलं की ते आधी गॉर्डीच्या अंगावर. पडल्याबरोबर फुगणारं जॅकेटसुद्धा त्याच्याकडे होतं, आणि ते एकदा चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना फुगलं होतं. दुसरा नीनो बियांकी. तो उन्हाळ्यात उघड्या डोक्याने हिंडायचा, कायद्याने चालतं म्हणून, आणि हिवाळ्यात हेल्मेट घालायचा, तेही कान गारठतात म्हणून.

"तुझं डोकं फक्त थंडीतच मोलाचं का रे?" गॉर्डी विचारायचा.

"तुझ्यासारखी गादी बांधून फिरण्यापेक्षा घरीच झोपलेलं काय वाईट?" नीनो म्हणायचा.

गॉर्डीचा ऑरिनच्या मागे एकच धोशा होता: चाक अडकू न देणारे ब्रेक असलेली नवी गाडी घे. ऑरिन उजवा हात वर करून दाखवायचा. "हा हात चाळीस हिवाळे ब्रेक लावतोय. कधी, कुठला, किती दाबायचा ते ह्याला ठाऊक आहे. आता मशीनला विचारून थांबू?"

आणि मग जानेवारीत ऑरिन पडला.

त्याला आठवत होतं ते एवढंच: पेट्रोल भरलं, पंपावरच्या पोरीशी हवापाण्याचं बोलला, हेल्मेटचा पट्टा लावला. त्यानंतर थेट नर्सचा चेहरा. मधलं सगळं कुणी पुसून टाकल्यासारखं कोरं. बरगड्यांना मुका मार, डावं मनगट सुजलेलं, हेल्मेटला मागून उभी चीर. डॉक्टर म्हणाले, डोक्याला हिसका बसला की असं होतं, तेवढं बहुतेक परत आठवणार नाही.

बायको लोर्ना खाटेशी बसली होती. गावात तिचं केस कापायचं दुकान आहे. ती हातात कात्री धरावी तशी बोटं धरून बसली होती. म्हणाली, "ऑरिन, खरं सांग. पडलास की घातलीस? पडला असशील तर गाडी विकायची, त्यावर आता बोलणं नाही. आणि मुद्दाम घातली असशील तर..."

पुढचं ती बोलली नाही. ऑरिनने ते मनातल्या मनात पुरं केलं: तर गाडी राहील.

"मुद्दाम कोण घालतं?" तो सवयीने म्हणाला. तेवढ्यात दारातून टपाल वाटणारी टेस बोड्री आत आली, रडून नाक लाल झालेलं.

"मिस्टर कांगास, तुम्ही नसता तर मी गेलेच होते," ती म्हणाली. "मी बर्फाच्या भिंतीआडून रस्त्यावर आले आणि तुम्ही समोर! तुम्ही माझ्याकडे असं रोखून बघितलंत, आणि गाडी अलगद आडवी घातलीत. स्वतःला झोकून दिलंत हो माझ्यासाठी!"

ती भिंत बहुधा आपणच सकाळी घातलेली, एवढंच ऑरिनच्या मनात आलं. लोर्ना उठून खिडकीपाशी गेली.

गावाला गोष्ट आवडली. टपाल घरोघर जातं, आणि टपालाबरोबर टेस जाते, त्यामुळे आठवड्याच्या आत ऑरिन वीरपुरुष झाला. सफरचंदाचे केक आले, खिमा-बटाटा भरलेल्या पास्टी आल्या, कुणीतरी केशरी चीज घातलेल्या बटाट्यांचा हा मोठा ट्रे आणला. ज्यांना ज्यांना त्याने कॉफीवर उघडं पाडलं होतं ते एकेक करून हात मिळवायला आले. "पटलं ना आता? गाडी आडवी घालता येते की नाही?" ऑरिन काय बोलणार? हो म्हणावं तर जन्मभराचं मत चुलीत गेलं. नाही म्हणावं तर कशाच्या जोरावर? तो तिथे होता खरा, पण त्याला विचाराल तर नव्हता.

"ब्रेक चांगले असते तर आडवी घालायची वेळच आली नसती," गॉर्डी म्हणाला.

"हेल्मेटची काच धुक्याने भरली असेल, म्हणून ती पोरगी उशिरा दिसली," नीनो म्हणाला.

"हेल्मेट नसतं तर आज आपण त्याच्या फोटोशी बोलत असतो, गाढवा!"

दोघं ऑरिनच्याच बैठकीत ऑरिनच्याच अपघातावरून भांडत होते आणि ऑरिन पाहुण्यासारखा ऐकत होता. गंमत म्हणजे त्याला आता ती टेसची गोष्ट दिसायलाही लागली होती. तिचे डोळे, आपलं रोखून बघणं, अलगद कलणारी गाडी. ही आठवण की ऐकीव चित्र, काही कळेना. आणि खोटं कशाला सांगा, ते चित्र त्याला आवडायला लागलं होतं.

लोर्नाचं मात्र काहीतरी बिनसलं होतं. ती बोलायची, हसायची, औषधं वेळेवर द्यायची. पण दुकानात कुणी "काय नवरा मिळालाय गं तुला!" म्हटलं की ती पाणी गरम करायला आत जायची, हे दुकानात येणाऱ्या सगळ्या बायकांनी पाहिलं होतं. ऑरिनला वाटलं, ही आपल्या कबुलीसाठी थांबली आहे. एकदा "मुद्दाम घातली" म्हटलं की घोडं गंगेत न्हालं, गाडी वाचली. रोज रात्री जेवताना तो ते वाक्य जिभेवर आणायचा आणि बटाट्याबरोबर गिळायचा.

मार्चमध्ये डॉक्टरांनी परवानगी दिली. गॉर्डीने वाकलेलं हँडल सरळ करून दिलं. ऑरिन गॅरेजमध्ये गाडीवर बसला, डोळे मिटले आणि मोठ्याने ओरडला, "टेस!" हात जागचा हलला नाही. पुन्हा ओरडला. शेजारच्या घराची खिडकी उघडली, बाकी काही झालं नाही. आपणच आपल्याला दचकवता येत नाही, एवढा शोध त्याला लागला.

मग तो स्वयंपाकघरात जाऊन लोर्नासमोर उभा राहिला. "मला आठवत नाही," तो म्हणाला. "मी पडलो की घातली, मला खरंच माहीत नाही. डोक्याला आठवत नसेल, पण हाताला आठवतं का ते दिसेल. तू मला तळ्यावर दचकव. पोरांची ती बर्फावरची प्लास्टिकची घसरगाडी मध्ये सोड, कधी सोडणार ते सांगू नकोस. हात काय करतो ते बघू. जे निघेल ते निघेल."

लोर्नाने हात पुसले. "पडलास असं निघालं तर?"

"तर गाडी विकू."

"बरं," ती म्हणाली आणि बूट चढवायला लागली.

तळं अजून दगडासारखं गोठलेलं होतं. बर्फाला भोक पाडून मासे धरणाऱ्यांची लाकडी खोपटी त्यावर तशीच उभी होती, नीनोच्या खोपटाच्या नळकांड्यातून धूर निघत होता. ऑरिनने संथ वेगात फेऱ्या घ्यायला सुरुवात केली. लोर्ना घसरगाडी घेऊन कडेला उभी. प्रत्येक फेरीला तो तिच्याकडे बघायचा.

"माझ्याकडे काय बघतोस? पुढे बघ!" ती ओरडली.

तो पुढे बघायला लागला. फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. घसरगाडी काही येईना. ऊन होतं, स्क्रू बर्फात करकर वाजत होते, दोन महिन्यांनी अंगाखाली गाडी होती. आपण इथे कशाला आलो हे तो विसरला. घरी गेल्यावर वाफेच्या अंघोळीसाठी सॉना तापवावा, असं काहीतरी मनात चाललेलं असताना तो नीनोच्या खोपटाजवळ आला आणि खोपटाआडून लोर्ना त्याच्या समोर येऊन उभी राहिली. घसरगाडी नाही, लोर्ना. दोन्ही हात खाली सोडून, सरळ.

पुढचं काय झालं ते या वेळी त्याला सगळं कळलं. उजव्या हाताची चारही बोटं पुढच्या ब्रेकवर एकदम बसली आणि मूठ आवळली गेली. चाक अडकलं, हँडल हातातून निसटलं, खाड्कन खांदा बर्फावर. गाडी एका बाजूला गरगरत गेली, तो दुसऱ्या बाजूला पोटावर घसरत गेला आणि लोर्नाच्या पलीकडे जाऊन थांबला.

"वेडी झालीस का?" तो पडल्या पडल्या किंचाळला. "मेली असतीस! घसरगाडी ठरली होती आपली!"

"प्लास्टिकला कोण घाबरतं?" लोर्ना धापा टाकत म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "काय केलंस ते सांग."

"पुढचा आवळला. चारही बोटांनी. काल गाडी शिकलेलं पोरगं करतं तसं."

"ठरवून?"

"ठरवायला वेळ कुठे होता? तू दिसलीस आणि जीव घशाशी आला. हाताने काय केलं ते मला नंतर कळलं."

"माझ्यासाठीही काही ठरवलं नाहीस?"

ऑरिनला मान खाली घालावीशी वाटली. "नाही."

"म्हणजे तिच्यासाठीही नव्हतं ठरवलंस."

"नसणार. तशीच मूठ वळली असणार. मी पडलो, लोर्ना. मी कुणाला वाचवलंबिचवलं नाही."

त्याला वाटलं होतं तिचा चेहरा पडेल. लोर्ना बर्फावर फतकल मारून बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. ऑरिन कोपरांवर सरकत तिच्याजवळ आला, त्याला काही उमजेना. वीर नवरा गेला म्हणून रडतेय, की आपल्या खांद्याला लागलं म्हणून?

"दोन महिने," ती म्हणाली, "दोन महिने मी अशा माणसाला वाढतेय ज्याने एका क्षणात ठरवलं, की मी गेलो तरी चालेल. लोर्नाचं बघू नंतर. आणि रागावू कुणावर? ती पोरगी मरायला हवी होती असं म्हणू? गावातल्या बाया केस धुऊन घेता घेता मला भाग्यवान म्हणत होत्या आणि मी हसत होते. रोखून बघितलंस म्हणे तिच्याकडे! बघितलंस, विचार केलास आणि मला सोडून जायचं ठरवलंस. मला ते गिळवत नव्हतं, ऑरिन. तू घाबरला होतास एवढंच कुणीतरी सांगायला हवं होतं मला."

"पण तूच म्हणाली होतीस, मुद्दाम घातली असशील तर..."

"तर मी काय करणार होते? तेच तर मला माहीत नव्हतं!"

ऑरिनला आपण शिव्या खातोय की माफी मिळतेय, हेही धड कळत नव्हतं. गाडी जाणार हे त्याला सलत होतं, आणि त्याच वेळी लोर्नाचा ओला गाल आपल्या खांद्यावर आहे आणि खांदा भयंकर दुखतोय तरी तो हलवायचा नाही, असंही त्याला वाटत होतं.

खोपटाचं दार उघडून नीनोने डोकं बाहेर काढलं. पडलेली गाडी, बर्फावर बसलेली दोघं, सगळं पाहून घेतलं. "काय रे, पुन्हा आडवी घातलीस? ह्या वेळी बायकोसाठी?"

आजूबाजूच्या खोपटांतूनही दोन-चार डोकी बाहेर आली. हो म्हटलं असतं तर कुणी हरकत घेणार नव्हतं, कौतुकच झालं असतं.

"नाही," ऑरिन सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला. "पडलो. भ्यायलो आणि पडलो. टेसच्या वेळीही असाच पडलो होतो."

नीनोने डोकं आत घेतलं. लोर्नाने हातमोज्याने नाक पुसलं, ऑरिनच्या हनुवटीखालचा पट्टा सोडवला आणि हेल्मेट काढून त्याचं घामेजलेलं डोकं दोन्ही हातांत धरलं.

"असाच भीत जा," ती म्हणाली. "समजलं? मरेपर्यंत असाच भीत जा."